चुलवणाच्या भिंतीला टेकवलेली पेटी

शनिवार, दिनांक १० जानेवारी १९७६
सकाळी सव्वासात

प्रिय दादा,

हे लिहायला बसलो त्याआधी मी कामाला आहे त्या पोल्ट्रीच्या मागच्या खोलीत स्टुलावर उभा राहून बल्बची वायर वर ओढून बांधत होतो. खाली पेटीत तुझा अजगर, सरदार, वेटोळं करून पडला होता. वायरची गाठ सैल होऊन बल्ब जाळीच्या फार जवळ आला होता आणि त्याच्या भाजलेल्या कुशीला धग लागत होती. गाठ मारली, खाली उतरलो आणि कागद घेतला.

अकरा वाजता फौजदार माझा जबाब घ्यायला येणार आहे. जे त्याला सांगणार आहे ते आधी तुला सांगायला हवं. दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जायला नको. म्हणून हे पत्र.

तू हसशील. सातवीतून माझी शाळा सुटली तेव्हा तूच म्हणाला होतास, "अक्षर झ्याक हाय रं तुजं, पर त्याचं करायचं काय? लोणचं घालतोस?" आज बघ, त्या अक्षराचा पहिला खरा उपयोग तुझ्यासाठीच होतोय.

दादा, तुझा हात फार लवकर उठायचा. हे मी मेलेल्या माणसाला लिहितोय हे मला कळतं, पण खोटं कशाला लिहू? माझ्या डाव्या कानात अजून शिट्टी वाजते, ती तुझ्या चापटीची. पण गल्लीत दुसऱ्या कुणी मला बोट लावलं तर त्याचं बोट मोडणाराही तूच होतास. मी लहानपणी समजायचो, पैलवान भाऊ असला की असंच असतं.

फलटणच्या मैदानात तुझा उजवा गुडघा गेला आणि तुझी कुस्ती संपली. तू सगळ्यांना सांगितलंस, समोरच्यानं दगा केला, पंच बघत नसताना गुडघ्यावर टाच मारली. खरंच मारली का? मी तेव्हा गर्दीत लांब होतो, मला दिसलं नाही. म्हणून त्याबद्दल मी कधी काही बोललो नाही आणि आताही बोलत नाही.

पण नंतरची दोन वर्षं मी जवळून पाहिली. तालमीत तू कोपऱ्यात बसायचास. कालची पोरं हौद्यात उतरायची आणि तुला विचारायचीही नाहीत. वस्ताद म्हणायचे, "म्हादू, माती चाळून ठीव." तू माती चाळायचास. घरी येऊन ताट भिंतीवर फेकायचास. आई गुपचूप भात गोळा करायची आणि मग तव्यावर वाळू तापवून, फडक्यात बांधून, तुझा गुडघा शेकत बसायची.

आणि मग तू सरदारला आणलंस. भर पावसाळ्यात, कोयनेकडच्या रस्त्याच्या कामावरून, गोणत्यात घालून, एस.टी.तून. ती गोष्ट तू इतक्यांदा सांगितलीस की मला पाठ आहे. कंडक्टर म्हणाला, "पैलवान, पोत्यात काय हाय?"

"रताळी."

"रताळी हालत्यात व्हय?"

"तुजी गाडी हालतीया म्हणून हालत्यात. बॉडी खिळखिळी झालीया, आदी ती बघ."

आई दारातच म्हणाली, "घरात एक खाणारा लय झाला नव्हता म्हणून दुसरा आणलास?"

पण सरदारनं तुला परत उभं केलं, हे मी नाकारत नाही. निकाली कुस्तीच्या आधी तू त्याला गळ्यात घालून मैदानाला फेरी मारायचास. नऊ फूट अजगर, तुझी ती छाती, आणि तो तुझ्या दंडाला विळखे देत मान उचलून लोकांकडे बघायचा. हलगी वाजायची. लोक नोटा लावायचे. लंगडतोस हे कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. तेव्हा तुझ्या तोंडावर जे यायचं ते मी कुस्ती जिंकल्यावरही पाहिलं नव्हतं.

मग थंडी पडली. कार्तिकातल्या त्या जत्रेत सरदार तुझ्या गळ्यात ओल्या धोतरासारखा लोंबत राहिला. तू त्याची मान हातानं वर केलीस, ती परत खाली पडली. मागून कुणीतरी ओरडलं, "पैलवान, दोर इकायला आणलाय व्हय? कसा हात दिला?"

लोक हसले. तू साप गळ्यात तसाच ठेवून गर्दीत शिरलास आणि त्या माणसाचे पुढचे दात पाडलेस. तो खाली पडल्यावरही मारत राहिलास. त्याच्या तोंडातलं रक्त सरदारच्या पाठीवर उडालं, ते मी घरी येऊन पुसलं. त्या रात्री तू मला म्हणालास, "दत्ता, ह्येला ऊब पायजे. ह्यो गार पडला की मी गार पडलो."

तिथून सगळं सुरू झालं. सापाला ऊब कशाची द्यायची, एवढीच तर गोष्ट होती. त्या एवढ्याशा गोष्टीवरून माणूस मरतो का रे, दादा?

पैलवानाला गारठा झाला की तालमीत जे करतात तेच तू सरदारला केलंस. तिळाचं तेल कोमट केलंस, हळद घातलीस आणि त्याला डोक्यापासून शेपटापर्यंत रगडलंस. दोघं धरायला, एक चोळायला. वर हौद्यातली तांबडी माती तापवून त्याला त्यात पुरलंस, तोंड तेवढं बाहेर. वस्ताद बाजूला बसून सांगत होते, "पाठीवर जोर दी. आता मांड्या..." आणि थांबले. "मांड्या कुठनं सुरू हुत्यात रं ह्येच्या?"

सगळे हसले. तूही हसलास. तू पोटभर हसलेला मला तो शेवटचा दिवस आठवतो.

तेलावर माती बसून थर झाला आणि कात टाकायच्या वेळेला ती तुकड्यातुकड्यानं सोलली. डोळ्यावरचा पापुद्रा मी ओल्या कापसानं भिजवून भिजवून काढला. तू म्हणालास, "बाळतपण कर त्येचं."

मग विटा. चुलीत वीट तापवायची, गोणपाटात गुंडाळायची, पेटीत ठेवायची. घटकाभर ऊब, की परत गार. एकदा तू वीट लाल होईस्तोवर तापवलीस आणि गोणपाटाची एकच घडी घातलीस. मी पोल्ट्रीवर होतो. आलो तर घरात कातडं जळाल्याचा वास. सरदार त्या विटेवरच पसरून पडला होता. त्याच्या पोटाची चार बोटं कातडी पांढरी पडून सुटली होती आणि तो हललासुद्धा नव्हता. त्याला ऊब मिळतेय एवढं कळत होतं, आपण भाजतोय हे कळत नव्हतं.

"तू ध्यान का ठेवलं न्हाईस?" म्हणून तू तीच वीट माझ्यावर फेकलीस. खांद्यावर बसली. विटेची धग सदऱ्यातून आत गेली. आज विचारतो: वीट कुणी तापवली होती?

दुसऱ्या दिवशी मी तुला पोल्ट्रीवर नेलं, आठवतं? पिल्लांच्या खोलीत मोठ्या पत्र्याच्या छत्रीखाली बल्ब लावलेला, कडेला ऊब मोजायची पाऱ्याची नळी. मी तुला दाखवलं की पिल्लांना गार लागलं की ती बल्बखाली गोळा होतात, गरम झालं की लांब पांगतात. कुणी सांगावं लागत नाही.

"दादा, पेटी लांब करू. एका टोकाला बल्ब, जाळीच्या पल्याड. दुसऱ्या टोकाला काय बी न्हाई. गरम झालं तर त्यो आपला आपण सरकंल."

"आन् लाइट गेली म्हंजी?"

"मग गरम पाण्याची पिशवी ठिवू. दवाखान्यात असती तसली रबराची."

"पिशवी? आन् बाळंतइडा बी आणूया की." तू एक पिल्लू उचलून माझ्या नाकासमोर धरलंस. "ही आन् सरदार तुला एकच वाटत्यात व्हय? अरं, त्यो ह्यास्नी खातोय."

सगळे गडी हसले. तुझी विजेबद्दलची शंका खोटी नव्हती, ते मी मानतो. आपल्याकडची वीज रोज संध्याकाळी जाते, आणि थंडी नेमकी तेव्हाच चढते. बल्बावर भरवसा ठेवावा अशी आपली वीज नव्हती. पण दुसरं टोक हवंच, हे माझं म्हणणं तू ऐकून घेतलं नाहीस. पेटी तेवढीच ठेवलीस. दादा, आपल्या घरातही दुसरं टोक नव्हतं. तू तापलास की आईनं आणि मी सरकायचं कुठे?

शेवटी गुऱ्हाळ तूच शोधलंस, आणि खरं सांगतो, पहिल्यांदा मलाही ते पटलं. किसनतात्यांच्या गुऱ्हाळातल्या चुलवणात दिवाळी झाली की काहिलीखाली जाळ लागतो तो शिमग्यापर्यंत. चुलवणाच्या मागच्या बाजूची मातीची भिंत दोन हात जाड. मी तिला हात लावून पाहिला. तव्यासारखी नाही, म्हशीच्या पाठीसारखी लागली. कधी जास्त नाही, कधी कमी नाही. तात्यांना तुझं कौतुक, ते म्हणाले, "आण की. गुऱ्हाळाला राखण हुईल."

पेटी भिंतीला टेकवली आणि आठ दिवसांत सरदार जागा झाला. जीभ काढायला लागला. एक घूस गिळली. पुढच्या मैदानात त्यानं तुझ्या डोक्यावरून मान काढली तेव्हा बाया मागं सरकल्या. तू घरी येऊन मला उचललंस, अक्षरशः खांद्यावर घेतलंस आणि अंगणात फिरवलंस. "काय रं मास्तर, बल्ब पायजे व्हय? बल्ब?" मला उतरवताना तुझा गुडघा लचकला. तुझ्या तोंडावर कळ दिसली. मी पाहिली, तू लपवलीस.

मी त्याच दिवशी म्हणालो होतो की पेटीच्या फळ्या ओल्या आंब्याच्या आहेत, सारख्या धगीनं वाळून फाकतील. अधूनमधून पेटी भिंतीपासून ओढू, बिजागरीकडे पट्टी मारू. तू म्हणालास, "तुला भ्यायला कारण लागत न्हाई."

कारण होतं, दादा.

आता यल्लाप्पा. किसनतात्यांचा गुळव्या. अथणीकडचा माणूस, दर सालाला बायकोला घेऊन यायचा, गुऱ्हाळामागं पाचटाची खोप घालायचा, हंगाम संपला की जायचा. काहिलीतल्या रसाकडे बघून गूळ कधी उतरवायचा हे त्याला कळायचं, आणि त्यापलीकडे तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो तुला एवढंच म्हणाला होता, "पैलवान, जाळापाशी जनावर नको री. जनावराला जाळ कळत नाही. बिचारं जळून मरतंय एखाद दिवशी."

तू काय केलंस? त्याची मान धरलीस, त्याला पेटीपाशी नेलंस आणि त्याचं तोंड जाळीवर दाबलंस. "ह्येच्या पाया पड. म्हण, सरदार, चुकलो." तो म्हणाला. गडी हसले. मग तो उठला, पटक्यानं तोंड पुसलं आणि रसावरची मळी काढत बसला. मी तिथे होतो. तो तुझ्याकडे रागानं बघत नव्हता. तो काहिलीकडे बघत होता, कारण रस उतू जायला आला होता.

त्या दिवशी सकाळी मी पोल्ट्रीतली मेलेली पिल्लं डब्यात घेऊन सरदारसाठी गुऱ्हाळावर आलो. पेटीपाशी गेलो तर मागची फळी फाकलेली, पेटी रिकामी. मी हाक मारणार तेवढ्यात चुलवणाच्या तोंडापाशी गलका झाला आणि मी तिकडे धावलो.

सरदार पेटीतून निघून जाळासमोरच्या, रस काढलेल्या उसाच्या चिपाडाच्या ढिगात शिरला होता. ऊब तिथे जास्त, म्हणून गेला असेल. जाळ घालणाऱ्या गड्याला काय माहीत? त्यानं चिपाडाची कव चुलवणाच्या तोंडात सारली आणि चिपाडाबरोबर सरदार निम्मा आत गेला. गडी ओरडून पळाला. बाकीचे घाण्याकडे पळाले.

यल्लाप्पा पळाला नाही. तो हातातल्या फावड्यासकट काहिलीवरून खाली आला, ते बाजूला टाकून सरदारचं शेपूट दोन्ही हातांनी धरलं आणि पाय चुलवणाच्या कडेला लावून त्याला ओढून काढलं. सरदारची एक कूस करपली होती. पिसाळून त्यानं यल्लाप्पाच्या मांडीला विळखा घातला आणि कडकडून चावला. तो सुटावा म्हणून यल्लाप्पानं फावड्याचा दांडा त्याच्या अंगावर मारला. एकदाच.

तू दारातून आत आलास तो नेमका त्या क्षणी. तू एवढंच पाहिलंस की यल्लाप्पा तुझ्या सरदारला मारतोय.

मी ओरडलो, "दादा, त्यानं वाचीवलाय त्येला!" तू ऐकलंस का? मला आजवर कळलेलं नाही. तुला ऐकू आलं आणि तरीही तू थांबला नाहीस, की ऐकूच आलं नाही?

तू त्याचा उजवा हात धरलास आणि कोपरातून उलटा मोडलास. वाळलेल्या उसाचं कांडं मोडावं तसा आवाज आला. तो किंचाळला. सरदार विळखा सोडून भिंतीकडे सरपटत गेला. झालं होतं की रे तेवढ्यात. साप वाचला होता, हात मोडला होता. थांबायला काय झालं होतं?

पण तू त्याला तोंडावर मारलंस. परत मारलंस. त्याचं नाक फुटून रक्त त्याच्या छातीवर आलं. तो मागे सरकत वर काहिलीपाशी जाऊन बसला, तू त्याला उठवलंस. मग तू वाकलास, त्याच्या मांडीत हात घातलास आणि त्याला दोन्ही खांद्यांवर आडवा घेतलास. कलाजंग. तुझा आवडता डाव. फलटणच्या आधी त्या डावानं तू कितीतरी जणांना अस्मान दाखवलंस.

तुझ्यामागे मोकळी जमीन होती, दादा. तू तोंड काहिलीकडे केलंस.

तू त्याला कुठे टाकणार होतास?

हा प्रश्न फौजदारानं विचारला तर मी म्हणेन, माहीत नाही. तुझ्या मनात काय होतं ते मी पाहिलेलं नाही, मी फक्त तुझं तोंड कुठे होतं ते पाहिलं. पण तुला विचारतो. एकटा असताना रोज विचारतो.

काहिलीच्या कडेला मळी सांडलेली होती. तिथे तुझा उजवा पाय पडला. गुडघा आतल्या बाजूला वळला. यल्लाप्पा तुझ्या खांद्यावरून अलीकडे जमिनीवर पडला, आणि तू पलीकडे गेलास. छातीपर्यंत.

रस पाण्यासारखा नसतो. पाणी ओघळून जातं. रस चिकटून राहतो आणि भाजतच राहतो. तुझा तो आवाज मी लिहिणार नाही.

तुझ्याकडे पहिला कोण धावला माहीत आहे? तात्यांचे गडी अजून घाण्यामागे होते. मी हातभर अंतरावर होतो, आणि माझे पाय जमिनीला खिळले होते. यल्लाप्पानं चांगल्या राहिलेल्या डाव्या हातानं तुझा पट्टा धरला आणि ओढलं. मग माझे पाय सुटले. दोघांनी तुला बाहेर काढलं. त्याच्या डाव्या हाताची सालं तिथेच निघाली. आता त्याचा एक हात मोडलेला आहे आणि दुसरा भाजलेला, आणि तो कोठडीत आहे. त्याला भाकरी कोण भरवत असेल?

तात्यांच्या जीपमधून तुला मिरजेला नेलं. दवाखान्यात तू मच्छरदाणीत होतास, अंगावर चादरही घालता येत नव्हती. तुला थंडी वाजत होती. एवढं भाजलेल्या माणसाला थंडी वाजते हे मला माहीत नव्हतं. नर्सबाई म्हणाल्या, कातडी गेली की अंगातली ऊब राहत नाही. त्यांनी पलंगाशी एक दिवा आणून लावला, उंचावर, तुझ्यापासून लांब. तू त्याच्याकडे बघून मला म्हणालास, "तुजा बल्ब." आणि ओठ हलवलेस. मला वाटलं तू हसतोयस.

दुपारी फौजदार आला. तू शुद्धीवर होतास, शब्द स्पष्ट होते. "यल्लाप्पानं मागनं ढकललं. दगा केला." मग माझ्याकडे बघून, "दत्तालाबी इचारा. त्यानं बघितलंय."

फौजदार गेल्यावर मी तुझ्या कानाशी वाकलो. "दादा, असं का सांगितलंस?"

तू म्हणालास, "पैलवानाचा पाय सुटला असं कुणी म्हणायचं न्हाई."

त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस. दुसऱ्या पहाटे गेलास.

तालमीच्या पोरांनी तुला खांद्यावरून नेलं, हलगी लावून. त्या संध्याकाळी ती यल्लाप्पाच्या खोपीवर गेली. खोप पेटवली. खोपीत असलेल्या त्याच्या मेव्हण्याला उसाच्या दांडक्यांनी उठता येणार नाही असं मारलं. त्याची बायको डोक्यावर दोन भांडी घेऊन पोल्ट्रीसमोरून रस्त्यानं गेली. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मग पोरं सरदारसाठी आली, कुऱ्हाड घेऊन. मी त्याला आधीच गोणत्यात घालून इथे आणलं होतं. तुझा जोडीदार शिवा पुढे होता. "भाईर काढ ते अपशकुनी. म्हादूला खाल्लं त्येनं."

"न्हाई काडत."

"तू? तू न्हाई म्हणतोस मला?"

त्यानं मला मारलं. माझा एक दात पडला. मी दारातून हललो नाही. तुला खरं वाटणार नाही, पण नाही हललो. मार कसा खायचा हे तू मला चांगलं शिकवलं होतंस. शेवटी तेच कंटाळले. जाताना शिवा म्हणाला, "जबाबात उलटं बोललास तर तुलाबी काहिलीत घालू. ध्यानात ठीव."

मी ध्यानात ठेवलं आहे. रात्री दाराला आतून फळी लावून निजतो.

काल मी आईला सांगितलं की मी काय बोलणार आहे. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत.

"मेलेल्या लेकराला खोटं पाडू नगंस, दत्ता. त्यो म्हणला ते म्हणला."

"आई, यल्लाप्पा जिता हाय."

"मला काय त्येचं? माजा गेला."

"आता आत गेलेला माणूस लवकर भाईर येत न्हाई, आई. आणीबाणीचं दिवस हायत, बगतीस न्हवं? आन् खुनाचं कलम लागलं तर येणारच न्हाई."

तिनं एक खडा वेचून टाकला. मग खाली मान घालूनच तिनं विचारलं, "पाय कंचा सुटला?"

"उजवा."

"गुडघ्यातनं?"

"व्हय."

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पदर तोंडात धरला. दोन हिवाळे तिनं तो गुडघा वाळूनं शेकला होता. मला वाटतं, तिला तेव्हाच सगळं दिसलं. ती मला बोल म्हणाली नाही, नको असंही परत म्हणाली नाही. सकाळी मी निघालो तेव्हा भाकरी बांधून दिली.

सरदार आता कसा आहे ते तुला कळायला हवं. पेटी मी नवी केली, सागाच्या जुन्या फळ्यांची, लांब. एका टोकाला बल्ब, मध्ये जाळी. वीज गेली की रबराची पिशवी, दोन फडक्यांत गुंडाळून. भाजलेली कूस हळूहळू भरतेय. दिवसा तो उबेच्या टोकाला असतो, दुपारनंतर आपला आपण गार टोकाला सरकतो. मी बघत बसतो. त्याला कुणी ढकलत नाही, कुणी ओढत नाही. तू हे एकदा बघायला हवं होतंस.

दादा, मला तुझा राग आहे. तू मरताना एका माणसाचा गळा माझ्या हातात दिलास आणि गेलास. पण हलगी वाजत असताना तू गळ्यात सरदार घालून फेरी मारायचास, ते आठवलं की मला अजून छाती भरून येते. दोन्ही खरं आहे. यातलं कुठलंही मला पुसता येत नाही.

फौजदाराच्या मोटारसायकलचा आवाज ओढ्यापाशी आलाय. तो वेळेआधी आला. आटपतो.

मी तुला वचन देतो. जे पाहिलं तेवढंच सांगेन, एक शब्दही जास्त नाही. तू सरदारला मार बसतोय असं समजून धावलास, हेही सांगेन. तू भित्रा नव्हतास, हे कुणी विचारलं नाही तरी सांगेन. हात कुणी मोडला ते सांगेन. तुझा पाय सुटला, असं सांगेन. तुला कुणी ढकललं नाही, असं सांगेन. आणि फौजदारानं विचारलं की सख्ख्या भावाच्या मरतानाच्या जबाबाविरुद्ध बोलतोस का, तर म्हणेन, हो साहेब. त्याला आता कुणी काही करू शकत नाही. यल्लाप्पाला करू शकतात.

तुझा,
दत्ता